पार्लरमधलं उष्टं

भुवया कोरताना ब्यूटिशियन दोऱ्याचं एक टोक दातात धरते, दुसरं बोटांत गुंडाळते आणि मधल्या पिळात केस पकडून उपटते. गल्लीबोळातल्या कितीतरी पार्लरमध्ये हे दृश्य रोज दिसतं आणि खुर्चीत डोळे मिटून बसलेल्या बाईला त्यात काही वावगं वाटत नाही. हीच बाई घरी दुसऱ्याने तोंड लावलेल्या भांड्यातून पाणी पिणार नाही. तांब्या वर धरून प्यायची सवय तिला लहानपणापासून लागलेली असते. ताटातला चमचा भाजीच्या पातेल्यात बुडवला की आजी कशी ओरडायची, तेही तिला आठवत असतं. हे उष्ट्याचं भान मात्र आपण पार्लरच्या दाराशी चपलांबरोबर काढून ठेवतो.

आरोग्य आणि स्वच्छतेच्या तपासणीसाठी पार्लर कसं तयार करायचं, याचं सगळ्यात सोपं उत्तर या एका शब्दात आहे. एकीच्या त्वचेला लागलेली वस्तू उष्टी झाली. आता ती एकतर कचऱ्यात जाईल, नाहीतर धुऊन निर्जंतुक होऊन मगच स्वच्छ वस्तूंच्या कप्प्यात परत येईल. तिसरी वाट नाही. तपासणाऱ्याच्या हातात कितीही कलमांची यादी असली, तरी त्यातली बहुतेक कलमं एवढंच विचारत असतात: इथे उष्टं आणि स्वच्छ एकमेकांत मिसळतं का?

कोण येतं, काय बघतं

महाराष्ट्रात पार्लरची तपासणी एकाच खात्याच्या हातात नाही. पाणी, सांडपाणी, कचरा आणि जागेची स्वच्छता हा पालिकेच्या आरोग्य विभागाचा विषय. ट्रॉलीतल्या क्रीम आणि रंगांच्या बाटल्या अन्न व औषध प्रशासनाच्या अखत्यारीत येतात. गुमास्ता म्हणजे दुकानाची नोंदणी, कामाचे तास आणि पाटी कामगार खात्याकडे. दुकाने व आस्थापनांच्या 2017 च्या कायद्यानुसार कामाला मोजकीच माणसं असली तर नोंदणीऐवजी नुसती सूचना द्यावी लागते, पण ती दिल्याची पावती जवळ हवी. 2022 च्या दुरुस्तीपासून अशा छोट्या दुकानांनाही मराठी देवनागरी पाटी सक्तीची झाली आहे. निरीक्षकाची तपासणी त्यामुळे उंबऱ्याबाहेरच सुरू होते.

कागदांची तयारी एका संध्याकाळी होते. गुमास्ता किंवा सूचनेची पावती, पालिकेचा परवाना जिथे लागतो तिथे तो, व्यवसाय कराची नोंद, मालाची बिलं आणि मुलींची प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं एका फाइलमध्ये लावली की झालं. हातांच्या सवयी मात्र एका संध्याकाळी बदलत नाहीत. खरी तयारी तिथेच आहे.

पायाच्या टबात काय होतं

2000 साली अमेरिकेत, उत्तर कॅलिफोर्नियातल्या एका नेल सलूनमधून पेडिक्युअर करून गेलेल्या बायकांच्या पायांवर गुडघ्याखाली गळवं येऊ लागली. साध्या औषधांना ती दाद देईनात. तपास झाला तेव्हा शंभराहून अधिक ग्राहक बाधित निघाल्या. कारण होतं मायकोबॅक्टेरियम फॉर्च्युइटम नावाचा जंतू. नळाच्या पाण्यातही सापडणारा आणि क्षयाच्या जंतूचा दूरचा नातलग असलेला हा जंतू त्या सलूनमधल्या दहाच्या दहा टबांत मिळाला. गळवं बरी व्हायला कित्येकींना महिने लागले आणि डाग राहिले ते वेगळेच.

त्या टबांमध्ये पाणी घुसळून परत फिरवणारी यंत्रणा होती. पाणी आत ओढणाऱ्या जाळीमागे तपासनीसांना केसांचा आणि मेलेल्या त्वचेचा थर सापडला. वरून टब पुसले जात होते, पण ती जाळी काढून कुणी कधी धुतलीच नव्हती. जंतूंना तिथे ऊब, ओल आणि खाणं असं सगळं आयतं मिळालं. आणखी एक गोष्ट पुढे आली. पेडिक्युअरच्या आधी ज्यांनी पायांवर रेझर फिरवला होता, त्यांना धोका जास्त होता. रेझरने त्वचेवर न दिसणारे ओरखडे पडतात आणि जंतूला तेवढी फट पुरते.

आपल्याकडच्या लहान पार्लरमध्ये असा यांत्रिक टब क्वचितच असतो. तिथे प्लास्टिकचं घमेलं असतं, आणि ही चांगलीच गोष्ट आहे, कारण त्याला लपलेले कोपरे नसतात. प्रत्येक ग्राहकानंतर पाणी ओतायचं, साबणाने घासायचं, जंतुनाशक द्रावण दहा मिनिटं ठेवायचं आणि घमेलं पालथं घालून सुकवायचं. आतून एकदाच वापरायची पिशवी लावली तर काम आणखी सोपं होतं. ज्या दिवशी पायांना वॅक्स किंवा रेझर केलं, त्या दिवशी पेडिक्युअर करायचं नाही, हा नियम दर्शनी भागात लिहून ठेवावा. ग्राहकाला 'ताई, आज नको, दोन दिवसांनी या' असं सांगणारं पार्लर निरीक्षकाच्याही लक्षात राहतं.

धुणं वेगळं, निर्जंतुक करणं वेगळं

पार्लरमधल्या बहुतेक चुका या दोन क्रिया एकच समजल्यामुळे होतात. तेल, क्रीम, त्वचेचा कण किंवा रक्ताचा थेंब लागलेलं अवजार थेट द्रावणात बुडवलं, तर त्या थराखाली जंतू सुखरूप राहतात. तेलकट कढई नुसत्या पाण्यात बुचकळून निघत नाही, तसंच हे. म्हणून आधी साबण, ब्रश आणि वाहतं पाणी, मग कोरडं पुसणं आणि त्यानंतर द्रावण. अवजार ओलं असेल तर द्रावण पातळ होतं, म्हणून मधलं पुसणंही महत्त्वाचं.

द्रावणांचे स्वभाव वेगवेगळे असतात. सोडियम हायपोक्लोराइट स्वस्त आणि जालीम आहे. बाजारात मिळणारं साधारण 5 टक्क्यांचं द्रावण एक भाग आणि पाणी नऊ भाग घेतलं की अर्धा टक्का ताकद मिळते. टब, फरशी आणि प्लास्टिकच्या कंगव्यांना ती पुरते. पण ते स्टीलला खातं आणि दिवसभरात त्याची ताकद उतरते, म्हणून रोज सकाळी नवं करावं. टॉयलेट साफ करायच्या आम्लात ते कधीही मिसळू नये, कारण त्यातून क्लोरीन वायू सुटतो. स्टीलच्या चिमट्या-कात्र्यांना 70 टक्क्यांचं अल्कोहोल बरं. इथे अनेकांची समजूत उलटी असते. 99 टक्क्यांचं अल्कोहोल जास्त प्रभावी वाटतं, पण जंतूंची प्रथिनं मोडायला थोडं पाणी लागतं, शिवाय शुद्ध अल्कोहोल काम पुरं होण्याआधीच उडून जातं.

त्वचा कापणारी किंवा टोचणारी अवजारं, म्हणजे क्यूटिकल कटर, निपर आणि ब्लॅकहेड काढायची सुई, यांच्यासाठी द्रावण हा दुय्यम उपाय. त्यांना ऑटोक्लेव्ह हवा. दाबाखालच्या 121 अंश सेल्सियसच्या वाफेत जंतूंचे चिवट बीजाणूही टिकत नाहीत. तत्त्व आपल्या प्रेशर कुकरचंच आहे. उघड्या भांड्यात पाणी 100 अंशांवर अडतं, झाकण लावून दाब वाढवला की त्यापुढे जातं. दंतवैद्याकडे असतो तसा छोटा ऑटोक्लेव्ह परवडत नसेल, तर ही अवजारं प्रत्येकीसाठी वेगळी ठेवावीत किंवा एकदाच वापरायची घ्यावीत.

आणि ती निळ्या प्रकाशाची पेटी? पार्लरमध्ये सगळ्यात दर्शनी जागी ती असते आणि ग्राहकांचा विश्वासही तिच्यावरच सगळ्यात जास्त असतो. पण अतिनील किरण सरळ रेषेत जातात. कात्रीची जी बाजू खाली आहे, जिथे दुसऱ्या अवजाराची सावली पडते, जिथे तेलाचा थर आहे, तिथे ते पोहोचत नाहीत. आधीच निर्जंतुक केलेली अवजारं स्वच्छ ठेवायला ही पेटी ठीक, पण उष्टं अवजार तिच्यात टाकलं तर ते उष्टंच बाहेर येतं. जाणकार निरीक्षक पेटी उघडून पहिला प्रश्न विचारतो, 'यात ठेवायच्या आधी काय करता?' या प्रश्नावर मुलगी गोंधळली की पुढची तपासणी जरा कडक होते.

वॅक्सची पट्टी आणि तोंडातला दोरा

वॅक्सिंगमध्ये उष्ट्याचा नियम सगळ्यात उघडपणे मोडतो. लाकडी पट्टीने वॅक्स घेतलं, हातावर पसरलं आणि तीच पट्टी परत डब्यात गेली. आजीच्या पातेल्यातला चमचा हाच. हीटरमधलं वॅक्स गरम असतं म्हणून जंतू मरतात, हा गैरसमज आहे. त्वचेला सोसेल इतकंच ते गरम असतं, आणि त्वचेला जे सोसतं ते बहुतेक जंतूंनाही सोसतं. केस मुळापासून निघताना कधीकधी रक्ताचे बारीक ठिपके येतात. हेपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातही, किमान 7 दिवस तग धरू शकतो. त्यामुळे एका डब्यात त्या दिवशीच्या सगळ्या ग्राहकांचा सहवास घडतो.

यावर उपाय दोन. एक, पट्टी एकदा बुडवली, एकदा पसरवली की कचऱ्यात. एका हाताला दहा पट्ट्या लागल्या तर लागू द्याव्यात. दुसरा उपाय काटकसरीचा: एका ग्राहकापुरतं वॅक्स छोट्या वाटीत काढून घ्यायचं आणि उरलेलं टाकून द्यायचं. वाढून घेतलेलं पातेल्यात परत जात नाही, तसंच. वापरलेलं वॅक्स गाळून, केस काढून पुन्हा वितळवायचं, हा प्रकार तर तात्काळ बंद करायला हवा. रोल-ऑनचा फिरता रूळही थेट त्वचेवरून जातो, म्हणून एक नळी एकीलाच.

दोऱ्याचं तसंच. भुवयांच्या आणि वरच्या ओठाच्या रेषेत ओळीने उगवलेले चपटे मस त्वचारोगतज्ज्ञांनी थ्रेडिंगनंतर नोंदवले आहेत. केस उपटताना त्वचेला सूक्ष्म जखमा होतात आणि मसांचा विषाणू दोऱ्याबरोबर एका जागेहून दुसरीकडे पेरला जातो. तोंडात धरलेल्या दोऱ्याने यात लाळेची भर पडते, आणि ती दोन्ही बाजूंनी धोक्याची आहे. ग्राहकाच्या त्वचेला लागलेला दोरा दातांत सरकतो, तेव्हा ब्यूटिशियनही दिवसभरात वीस-पंचवीस जणींचं उष्टं चाखत असते. दोरा गळ्यात अडकवून किंवा दोन्ही हातांनी धरून थ्रेडिंग करता येतं. हात बसायला काही आठवडे लागतात, सुरुवातीला वेळही जास्त जातो. तपासणीची तारीख कळल्यावर हे शिकायला घेतलं तर उशीर झालेला असतो.

टॉवेल आणि पावसाळा

दिवसाला पंधरा ग्राहक आणि प्रत्येकीला दोन टॉवेल धरले तर तीस टॉवेल होतात. एवढे टॉवेल मार्चमध्ये गच्चीवर दोन तासांत वाळतात. जुलैमध्ये मुंबईत किंवा रत्नागिरीत ते दोन दिवस वाळत नाहीत आणि आंबूस वास यायला लागतो. दमट टॉवेल म्हणजे बुरशीला आमंत्रण. गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्या देशात औषधांना न जुमानणाऱ्या गजकर्णाचं प्रमाण खूप वाढलं आहे, आणि तो अंगाला लागलेल्या कपड्यांतूनही पसरतो. पावसाळ्यापुरते एकदाच वापरायचे टॉवेल घ्यावेत किंवा ड्रायरची सोय करावी. वापरलेल्या टॉवेलसाठी झाकणाचा डबा आणि धुतलेल्यांसाठी बंद कपाट, ही दोन टोकं खोलीच्या विरुद्ध बाजूंना असली तर उत्तम.

कंगव्यातले केस काढून तो धुतल्याशिवाय दुसऱ्या डोक्याला लावू नये. फेशियलचा स्पंज धुऊन परत वापरण्यापेक्षा कापूस बरा. स्टीमरमधलं पाणी रोज बदलावं. युनिसेक्स सलूनमध्ये दाढीनंतर तुरटीचा एकच खडा सगळ्यांच्या गालांवरून फिरतो. कापलेल्या त्वचेचं रक्त थांबवणारा तो खडा रक्त वाहूनही नेतो. तुरटीची पूड कापसावर घेतली की प्रश्न मिटला. ब्लेड प्रत्येकाला नवं, आणि वापरलेलं ब्लेड जाड भिंतीच्या, झाकण लागणाऱ्या डब्यात टाकावं. ते साध्या पिशवीत टाकलं, तर जखम सफाई कामगाराच्या बोटाला होते.

ट्रॉलीतल्या बाटल्या

निरीक्षक औषध प्रशासनाचा असेल तर तो आधी ट्रॉलीकडे वळतो. 2020 च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार लेबलवर उत्पादकाचं नाव-पत्ता, बॅच क्रमांक, वापराची मुदत आणि परवाना क्रमांक हवा. आयात मालावर नोंदणी प्रमाणपत्राचा क्रमांकही हवा. मोठ्या कॅनमधून काढून छोट्या डबीत भरलेल्या क्रीमवर यातलं काहीच नसतं. डबी भरलीच तर मूळ नाव, बॅच आणि मुदत तिच्यावर चिकटवावी, आणि क्रीम बोटाने न घेता स्वच्छ पट्टीने काढावं. पुन्हा तोच चमचा, तेच पातेलं.

गोरं करणाऱ्या बिननावाच्या क्रीम तर पार्लरमध्ये नसाव्यातच. त्यांच्यात पारा असू शकतो. पारा त्वचेतलं रंगद्रव्य तयार होण्यात अडथळा आणतो, म्हणून रंग लवकर उजळतो. पण तो शरीरात शिरून मूत्रपिंडाच्या गाळण्या बिघडवतो. 2023 च्या सुरुवातीला अकोल्यातल्या एका घरातल्या तिघींना गोऱ्या करणाऱ्या क्रीममुळे मूत्रपिंडाचा विकार झाल्याचं आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या तपासणीत त्या क्रीममध्ये पारा सापडल्याचं वृत्तपत्रांत आलं होतं. नियमानुसार डोळ्यांभोवतीची प्रसाधनं वगळता इतर कशातही, अगदी नकळत मिसळलेला पारासुद्धा, दहा लाख भागांत 1 भागापेक्षा जास्त चालत नाही. 'आठवड्यात फरक' असं सांगत कुणी बिलाशिवाय डबी आणून दिली, तर ती ठेवून घेऊ नये.

केसांच्या रंगाच्या खोक्यावर आधी थोड्या त्वचेवर चाचणी घेण्याची आणि भुवया-पापण्यांना तो न लावण्याची सूचना असते. काळ्या रंगातल्या पीपीडी या रसायनाची काहींना तीव्र ॲलर्जी असते, आणि ती दिसायला 48 तासही लागू शकतात. चाचणीची तारीख आणि ग्राहकाचं उत्तर वहीत लिहिलेलं असलं की उद्या तक्रार आली तरी पार्लरच्या हातात काहीतरी असतं.

केस सरळ करण्याच्या काही द्रावणांतून, विशेषतः ती तापवल्यावर, फॉर्मल्डिहाइड सुटतं. माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या यादीत ते आहे. बंद एसीच्या खोलीत ग्राहक त्या धुरात तासभर बसते, काम करणारी मुलगी वर्षानुवर्षं उभी असते. एसी तीच हवा गार करून परत देतो. हवा बाहेर फेकणारा एक्झॉस्ट पंखा लागतोच, आणि तो चालू आहे का हेही बघितलं जातं.

सुई दिसली की थांबा

एक सीमा पार्लरने ओलांडूच नये. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात एका परवाना नसलेल्या स्पामध्ये ग्राहकाचं रक्त काढून त्याचा अंश सुयांनी चेहऱ्यात टोचण्याची सेवा दिली जात होती. तिथल्या ग्राहक महिलांना एचआयव्हीची लागण झाल्याचं उघडकीला आलं. 2018 मध्ये तपासनीस आत गेले तेव्हा स्वयंपाकघरातल्या फ्रीजमध्ये खाण्याच्या पदार्थांशेजारी लेबल नसलेल्या रक्ताच्या नळ्या होत्या, ओट्यावर वेष्टण काढलेल्या सिरिंज होत्या, आणि ऑटोक्लेव्ह सापडलाच नाही. 2024 मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने यावर अहवाल काढला. सौंदर्यासाठी टोचलेल्या सुयांमधून एचआयव्ही पसरल्याची ही पहिली नोंद ठरली. उष्टं आणि स्वच्छ, रक्त आणि भाजी, सगळं त्या एका फ्रीजमध्ये शेजारी शेजारी होतं. इंजेक्शन, बोटॉक्स, रक्ताचं फेशियल हे डॉक्टरांचं काम आहे, आणि पार्लरच्या दरपत्रकावर ते छापलेलं दिसणं हाच तपासणीत मोठा दोष ठरू शकतो.

वही आणि माणसं

तपासणीच्या आदल्या रात्री पार्लर चकचकीत करता येतं, पण एका रात्रीत भरलेली वही लगेच ओळखू येते. महिनाभराच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच हाताने, एकाच कलत्या अक्षरात असतात. खरी वही गबाळी असते. तिच्यात कधी निळी शाई, कधी काळी, कुठे तेलाचा डाग, एखादा दिवस सुटलेला. तारीख, सकाळी द्रावण किती वाजता केलं, अवजारं किती वेळ ठेवली आणि सही, एवढ्या चार रकान्यांत काम भागतं.

वहीपेक्षा निरीक्षक माणसांना जास्त विचारतो. मालकीणबाई सगळं सांगू शकतात, पण प्रश्न येतो तो कोपऱ्यात टॉवेल घड्या घालणाऱ्या मुलीला: 'बोटाला कापलं तर काय करता?' काम थांबवायचं, हातमोजे घालायचे, जखम धुऊन दाबून धरायची, पट्टी लावायची, ते अवजार बाजूला काढायचं. हे तिला अडखळत का होईना, स्वतःच्या शब्दांत सांगता आलं पाहिजे. तिला हेपॅटायटिस बीच्या लशीचे तीन डोस देणं हा मालकिणीचा खर्च आहे, आणि तिला जेवायला वेगळी जागा मिळणं हा तिचा हक्क. मेकअपच्या टेबलावर उघडलेला डबा तपासणीतही वाईट दिसतो आणि तिच्या पोटालाही बरा नाही.

आदल्या दिवशी मालकिणीने एकच करावं. स्वतःच्या पार्लरमध्ये ग्राहक म्हणून खुर्चीत बसावं आणि सगळ्यात नवख्या मुलीकडून भुवया, हाताचं वॅक्स आणि पेडिक्युअर करून घ्यावं. या वेळी मात्र डोळे मिटायचे नाहीत. पट्टी कुठून आली, कुठे गेली, टॉवेल कुठल्या कपाटातून निघाला, मुलीने हात कधी धुतले, हे नुसतं बघत राहायचं. शेवटी ती मुलगी रिळावरून नवा दोरा तोडेल आणि सवयीने त्याचं टोक ओठांशी नेईल. तिथे तिचा हात थांबला आणि दोरा गळ्यात गेला, तर समजावं, उद्या कुणीही आलं तरी चालेल.